विनानांगरणी चारा, मुक्काम परळ

राज्यातील प्रत्येक जिल्ह्यात जमीन न नांगरता चाऱ्याचे गवत पिकवावे, असा निर्णय शासनाने घेतला तेव्हा मुंबई हाही एक जिल्हाच आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ध्यानात न आल्यामुळे ती वगळायची राहून गेली, आणि वगळायची राहून गेल्यामुळे तिला एक अधिकारी मिळाला.

कल्पना तशी चांगली होती, उगाच खोटे कशाला बोला! नांगर घालून जमीन उलथीपालथी करायची नाही, जुन्या पिकाची धसकटे तशीच राहू द्यायची आणि त्यांच्यामधून गवताचे बी टोकायचे. माती वाहून जात नाही, ओल टिकते, गांडुळे आपले काम बिनबोभाट करतात आणि बैलांची दमछाक वाचते ती निराळीच. अडचण एवढीच, की न नांगरण्यासाठीसुद्धा आधी जमीन लागते, आणि चिंतामणी वैशंपायन यांच्या वाट्याला आलेल्या जिल्ह्यात सगळीकडे डांबर होते.

वैशंपायन मूळचे पुण्याचे. माणूस सज्जन, शेतकी पदवीधर, सरकारी कागदावर श्रद्धा ठेवणारा. दादरला एका सरकारी इमारतीत जिन्याखालची खोली, एक टेबल, एक शिपाई आणि दारावर 'चारा विकास अधिकारी, विनानांगरणी, बृहन्मुंबई' अशी पाटी, एवढ्यावर त्यांनी संसार मांडला. पहिला अहवाल पाठवायची वेळ आली तेव्हा त्यात एक रकाना निघाला : 'जिल्ह्यातील न नांगरलेले क्षेत्र'. वैशंपायन खोटे लिहिणाऱ्यांतले नव्हते. कुलाब्यापासून शीवपर्यंत जातीने फिरून, वर्षभरात कुठेही नांगर फिरलेला नाही याची खात्री करून, त्यांनी रकान्यात लिहिले, 'संपूर्ण'.

मुंबई राज्यात पहिली आली. बाकीच्या जिल्ह्यांतले अधिकारी शेतकऱ्यांच्या पाया पडून थकले होते, तरी कुठे ना कुठे नांगर लागलाच होता. मुंबईत मात्र एकाही माणसाने नियम मोडला नव्हता. वैशंपायनांना शाल मिळाली, नारळ मिळाला. हे कसे साधले, असे कोणी विचारले तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, "लोकांचं सहकार्य." आणि ते अक्षरशः खरे होते.

पण सरकारात पहिला नंबर येण्यासारखे संकट नाही. आठवडा उलटतो न उलटतो तोच मंत्रालयातून विचारणा आली : नांगरणी झालेली नाही, हे पटले. आता चारा दाखवा. मोठे साहेब स्वतः पाहायला येणार आहेत.

वैशंपायनांची पाचावर धारण बसली. चारा शोधत ते दादरच्या मैदानांवर हिंडले. तिथे क्रिकेटवाल्यांनी गवताचे नाव शिल्लक ठेवले नव्हते. गिरगावात हिंडले; तिथे कुंडीत तुळस होती. शेवटी पाय दुखून परळला एका भिंतीच्या कडेला उभे राहिले असताना, समोरच्या गिरणीच्या पडक्या भिंतीतून एक माणूस डोक्यावर हिरव्यागार गवताचा भारा घेऊन बाहेर पडताना त्यांना दिसला.

हा माणूस म्हणजे जयवंत घाडी. साळखात्यातला चांगला कसबी विणकर, चार साचे एकटा सांभाळायचा. कणकवलीकडे वडिलांचा नांगर होता. तो धरायचा नको म्हणून तर हा बापडा मुंबईला पळून आला आणि साच्याला चिकटला. मग तो मोठा संप झाला. आता संपाला तिसरे वर्ष लागले होते. संप कोणी मागे घेतला नव्हता आणि कोणी पुढेही नेत नव्हते. तो नुसता होता. भोंगा मुका झाला होता, आणि ज्या आवारात पूर्वी गाठींच्या लॉऱ्या उभ्या राहायच्या, तिथे दोन पावसाळ्यांत कमरेइतके गवत माजले होते.

त्या गवतावर घाडींचे घर चालत होते. लालबागचा एक तबेलेवाला आपला तबेला गोरेगावला हलवताना आटलेली गाय मागे टाकून गेला. ती जयवंताची बायको रखमा हिने दावे धरून घरी आणली. नाव ठेवले कालिंदी. रोज सकाळी रखमा कालिंदीला घेऊन देवळापुढे बसू लागली. तुम्हाला ठाऊकच आहे ती पद्धत : कामाला निघालेली माणसे वाटेत थांबतात, नाणे टाकून गवताची जुडी विकत घेतात, ती त्याच गाईला घालतात, तिच्या पाठीवर हात लावून तो कपाळाला लावतात आणि पुण्य खिशात घालून चालू पडतात. गाईचे पोट भरते, गाईवाल्याचे भरते, देवाचेही समाधान होते. जयवंताला एकच काळजी असायची, कालिंदीला पोटभर गवत मिळाले पाहिजे. तिने खाल्ले तर आपण खाणार. आणि खरे सांगायचे तर नुसता हिशेबच नव्हता तो. साचे गेल्यापासून दिवसभर हात लावायला जे एक जिवंत काही त्याच्यापाशी उरले होते, ती ही गाय होती. जीव होता त्याचा तिच्यावर.

तर वैशंपायन "अहो, थांबा, थांबा!" करीत त्याच्यामागे धावले. पँटशर्टातला माणूस अंगावर धावून येतोय म्हटल्यावर जयवंत पोलीस समजून भाऱ्यासकट पळत सुटला. भारतमाता सिनेमाच्या नाक्यापर्यंत दोघे पळाले. शेवटी गवताने दगा दिला. भारा सुटून रस्ताभर झाला, आणि तो गोळा करायला दोघेही वाकले.

"हे तुम्ही कुठं पेरलंत?" धापा टाकीत वैशंपायनांनी विचारले.

"पेरतंय कोण साहेब? आपलं आपण आलंय."

"मशागत? नांगरणी?"

"साचे बंद पडलेत तिथं. नांगर कुठून आणू?"

वैशंपायनांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्यांनी त्याचे नाव विचारून घेतले, त्या घामट माणसाला भर रस्त्यात मिठी मारली आणि म्हणाले, "घाडी, तुम्ही बृहन्मुंबईचे पहिले प्रगतिशील शेतकरी आहात!"

जयवंताने हे घरी सांगितले तेव्हा रखमा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"तुमी शेतकरी कधी झालात वो? नांगर नको म्हणान मुंबयक इलात ना?"

"म्हणूनच तर झालो. नांगर धरायचाच नाय, असली शेती आहे ती."

"आणि आमच्या कालिंदीक काय मिळतला?"

"सगळं गवत कायदेशीर होणार. भिंतीतून शिरायला नको, कोणाची भीती नको. गेटातून जायचं, कापायचं, आणायचं."

रखमेला हे पटले नाही, पण भिंतीतून चोरासारखे शिरणेही तिला कधी पटले नव्हते. तिने तांदळाकडे मान वळवली, आणि याला संमती समजण्यात आले.

गिरणीच्या शेटकडून परवानगी मिळायला वेळ लागेल असे वाटले होते, ती त्याच दिवशी मिळाली. शेट उलट खूश झाले. त्यांनी लगेच वर कळवून टाकले, की गिरणी बंद आहे हा कामगारांचा अपप्रचार असून तिने केवळ उत्पादन बदलले आहे. गेटवरचा वॉचमन लहू पूर्वी सूत कातायच्या त्रासन खात्यात होता. त्याने जयवंताला सलाम ठोकला आणि विचारले, "काय रे घाड्या, आता मी तुला शेट म्हणू की पाटील?"

मग प्रकल्पाची पाटी आली. ती रोवण्यासाठी खड्डा खणायला लागणार, हे ऐकताच वैशंपायनांनी कपाळाला हात लावला. खड्डा खणणे म्हणजे मशागत. मशागत झाली, की विनानांगरणी कुठली? फार विचारांती असे ठरले, की पाहुणे येतील तेव्हा पाटी लहूने दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहावे. लहू म्हणाला, "पगार नाय, पण पाटी तरी मिळाली." त्याच्या विनोदाला कोणी हसले नाही, कारण पाटीवर शासनाची मुद्रा होती.

दुसऱ्या दिवशी जयवंत विळा घेऊन राजरोस गेटातून आत शिरला, आणि वैशंपायन दोन्ही हात पसरून आडवे आले.

"कापू नका! घाडी, कापू नका! समिती वाढ मोजणार आहे."

"मोजू दे की. मी कडेचं कापतो."

"अहो, उभा आहे तोवर तो चारा. कापलात की आकडा आडवा झाला!"

"पण साहेब, चारा गाय खाणार म्हणून ना लावायचा?"

वैशंपायनांनी त्याच्याकडे फार मायेने पाहिले. "गाईची तरतूद आहे ना, घाडी. लाभार्थी घटकात आहे. एकदा मोजणी होऊ द्या, मग सगळं गवत तुमच्या कालिंदीचंच. माझा शब्द."

समितीचे अध्यक्ष दौऱ्यावर होते. आले तेव्हा सचिव रजेवर गेले. सचिव परतले तेव्हा अध्यक्षांची बदली झाली. तोपर्यंत गवत छातीला लागले, आणि भिंतीतले ते भगदाड प्रकल्पाच्या सुरक्षिततेसाठी विटा लावून बंद करण्यात आले. भिंत बांधायला पाया लागत नाही याची खात्री आधी करून घेतली होती.

दरम्यान वैशंपायनांनी दिलेला शब्द पाळला आणि कालिंदीला लाभार्थी म्हणून नोंदवून घेतले. तिच्या कानात पत्र्याचा बिल्ला ठोकला. तो ठोकायची पकड पाहताच परळ-लालबागमधले बाकीचे गाईवाले आपापल्या गाई घेऊन असे पसार झाले, की जिल्ह्याच्या दप्तरी एकच गाय राहिली. इथेच खरी मेख होती. योजनेच्या नियमांप्रमाणे जनावरांचे दोन गट करायचे होते : एका गटाला विनानांगरणी चारा द्यायचा आणि दुसऱ्याला कुठलाच चारा द्यायचा नाही, म्हणजे फरक कळतो. असले नियम एकदा छापून आले, की त्यांत शहाणपण नंतर घालता येत नाही.

"गाय एकच आहे साहेब," जयवंत म्हणाला. "दोन गट कसे करणार? उभी चिरणार?"

"छे छे, भलतंच!" वैशंपायन खरोखरच दुखावले. ते सबंध दुपार विचार करीत बसले आणि संध्याकाळी त्यांना मार्ग सापडला. सोमवार, बुधवार, शुक्रवार कालिंदी लाभार्थी गटात. उरलेल्या दिवशी ती तुलना गटात.

कागदावर हे इतके सुबक दिसत होते, की जयवंतही मान डोलवून घरी आला. हिशेब रखमेने केला. लाभार्थीच्या दिवशी कालिंदीला प्रकल्पाचेच गवत द्यायचे, आणि ते मोजणी होईपर्यंत कापायचे नाही. तुलनेच्या दिवशी तर काहीच द्यायचे नाही. वसईहून ट्रकने येणारे गवत कधीच चालणार नाही, कारण ते निराळ्या पद्धतीचे, निष्कर्ष बिघडतो.

"म्हणजे तिणा खावचा कधी?" रखमा म्हणाली. "गाय काय तुमचो बिल्लो खातली?"

जयवंत ताडकन उठला आणि जिन्याखालच्या खोलीत जाऊन प्रथमच आवाज चढवून बोलला. वैशंपायनांनी शांतपणे नियम उघडून पाहिले. कोबीची पाने चारा या व्याख्येत येत नव्हती. दादरच्या भाजीबाजारात संध्याकाळी पडलेला पाला उचलून घालायला हरकत नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. त्या पाल्यावर कालिंदी जगली. गाय कोबीवर जगते खरी, पण गाईसारखी दिसत नाही. तिच्या बरगड्या वर आल्या.

आता प्रश्न राहिला देवळापुढच्या धंद्याचा. तिथे लोक रोज गवत घालणार आणि प्रयोगाचे वाटोळे करणार, म्हणून वैशंपायनांनी आपला शिपाई कालिंदीपाशी उभा केला. रखमा हातापाया पडली. आमच्या पोटावर पाय आणू नका म्हणाली. वैशंपायन तसे हळव्या मनाचे, त्यांनी पुन्हा नियम पाहिले आणि म्हणाले, "बाई, विक्रीला मनाई कुठंच नाही. मनाई खाण्याला आहे."

पहिल्याच सकाळी मृणालिनी कर्णिक आल्या. बाई फोर्टात विमा कंपनीत हेडक्लार्क. गेली कित्येक वर्षे कालिंदीआधी दुसऱ्या गाईला आणि आता कालिंदीला घास घातल्याशिवाय त्यांनी कधी बस पकडली नव्हती. नाणे टाकून त्यांनी जुडी उचलली, तोच शिपायाने काठी आडवी घातली.

"खायला घालायचं नाही. सरकारी गाय आहे."

"अरे वा रे वा! आणि माझा नेम? आज गुरुवार आहे!"

"नेम करा की. फक्त तिनं खाता कामा नये."

मृणालिनीबाईंनी घड्याळ पाहिले. बस नाक्यावर येत होती. त्यांनी जुडी कालिंदीच्या तोंडाला टेकवली. कालिंदीने आशेने जीभ बाहेर काढली. शिपायाने दावे ओढले. बाईंनी जुडी चटकन मागे घेऊन रखमेच्या टोपलीत टाकली, गाईच्या पाठीवरचा हात कपाळाला लावला आणि क्षणभर विचार केला.

"बरंच झालं की गं हे," त्या म्हणाल्या. "हाताला लाळ लागत नाही. आणि शेवटी काय, आपला भाव पोचला म्हणजे झालं."

हा शोध लालबाग-परळच्या भाविकांना मानवला, म्हणजे फारच मानवला. पूर्वी गाय चावून चावून खायची तोवर उभे राहावे लागे, शिंगाची भीती वाटे, साडीला शिंतोडे उडत. आता टेकवले, की मोकळे. बँकेतले आले, शाळेतल्या बाई आल्या, टॅक्सीवाले तर टॅक्सीतूनच हात काढून टेकवू लागले. रांग लागली. पूर्वी जुड्यांचा ढीग लागायचा. आता वसईच्या गवताची एकच जुडी सकाळपासून दुपारपर्यंत पुरे. ती कोमेजली, की कोणीतरी कुरकुर करी, "जरा ताजं ठेवा हो, देवाधर्माचं काम आहे." पण कोमेजलेली टेकवून जाई.

घाडींच्या घरी पुन्हा मासळी शिजू लागली. संपानंतर पहिल्यांदा शेजाऱ्यांकडे उसने मागायला जावे लागले नाही. कालिंदी जितकी कमी खाई, तितकी जास्त कमवी. जयवंताला याची लाज वाटायची. ताटावर बसला, की त्याला तिच्या बरगड्या दिसायच्या आणि घास घशात अडकायचा. मग रखमा पाणी द्यायची आणि घास खाली उतरायचा. लाज आणि जेवण दोन्ही रोज व्हायचे.

"मोजणी झाली, की सगळं आवार तिचं," तो रोज म्हणायचा. "वैशंपायन शब्दाचा पक्का आहे. एक दिवस पोट फुटेस्तोवर खाईल बघ."

"तवसर तिका खावची सवय तरी ऱ्हवतली?" रखमा म्हणायची.

कालिंदी पहिल्या आठवड्यात झडप घालायची. दुसऱ्यात नुसती जीभ काढायची. मग जीभही निघेनाशी झाली. जुडी आली, की ओठ टेकवायचा, मान उचलायची आणि पुढच्या माणसाची वाट पाहायची, असे ती स्वतःहून करू लागली. आता दावे ओढायला लागत नाही, म्हणून शिपायाने स्टूल आणून पेपर वाचायला सुरुवात केली. लोक म्हणाले, किती गुणी गाय आहे!

शेवटी श्रावणात मोठ्या साहेबांचा दौरा ठरला. आवारात मांडव पडला. त्याच्या खांबांसाठी खड्डे नकोत म्हणून खांब पिंपांत उभे केले. गवत पावसाने असे काही तरारले होते, की साळखात्याच्या पायऱ्या दिसेनात. लहू पाटी छातीशी धरून उभा होता. मृणालिनीबाईंसह देवळापुढची सगळी भाविक मंडळी, लोकसहभाग म्हणून, पुढच्या खुर्च्यांवर बसवली होती. जयवंताला फेटा बांधला होता. कालिंदीच्या अंगावर झूल होती, त्यामुळे बरगड्यांचा प्रश्न सुटला होता.

मोठे साहेब आले. समितीने टेप लावून गवत मोजले. आकडा इतका भरघोस निघाला, की वैशंपायनांना तो वाचून दाखवताना हुंदका आला. टाळ्या झाल्या. साहेब प्रसन्न होऊन म्हणाले, "मग आता लाभार्थी सोडा."

इतक्या महिन्यांची वाट पाहिलेली ती वेळ! जयवंताने झूल काढली, दावे सोडले, तिच्या मानेवर थाप मारली.

"जा गो बाय. सगळा तुझाच आसा. खा."

कालिंदी गवतात शिरली. छातीइतक्या हिरव्या गवतात ती उभी राहिली, मान खाली घातली, एका झुबक्याला ओठ टेकवला आणि मान उचलली. एक पाऊल पुढे गेली, दुसऱ्या झुबक्याला ओठ टेकवला, मान उचलली. पुन्हा पुढे. अशी ती ओठ टेकवत आणि मान उचलत सबंध आवारभर हिंडली, अगदी गिरणीच्या चिमणीपर्यंत, आणि एक काडीही न मोडता परत आली.

वैशंपायनांचा चेहरा पांढराफटक पडला. मग मोठ्या साहेबांनी टाळी वाजवली.

"वैशंपायन, कमाल केलीत! म्हणजे या पद्धतीत जनावराला चारा लागतच नाही?"

वैशंपायनांच्या जिवात जीव आला. "तसं... निरीक्षण तर तेच सांगतं, सर."

"मग तर चारा कायमचा उभा राहील! सगळ्या जिल्ह्यांना कळवा. असं जनावर पाहिजे!"

"किती तृप्त आहे बघा," मृणालिनीबाई हात जोडून शेजारणीला म्हणाल्या. "आपण सगळ्यांनी मिळून केलं हो तिचं."

टाळ्यांच्या गजरात मंडळी अल्पोपाहाराकडे वळली. तिथे वडे होते, आणि वड्यांच्या बाबतीत नुसते ओठ टेकवून कोणी मागे फिरले नाही. वैशंपायनांची पुण्याला बढतीवर बदली तिथल्या तिथे ठरली.

जयवंत मात्र फेट्यासकट गवतात गुडघे टेकून बसला होता. त्याने दोन्ही हातांनी गवत उपटले आणि कालिंदीच्या तोंडाशी धरले. तिने ओठ टेकवला, मान उचलली आणि त्याच्याकडे पाहिले. हा माणूस अजून हात मागे का घेत नाही, ते तिला समजेना.

"खा गो," तो म्हणाला. "मी काढून घेवचंय नाय. बघ, धरून ऱ्हवलंय. खा."

ती शहाण्यासारखी वाट पाहत राहिली. रखमा येऊन त्याच्या शेजारी बसली. तिने गाईच्या पाठीवर हात ठेवला, पण तो कपाळाला लावला नाही.

"संपात आमका पण लोकांनी असांच केल्यानी," ती म्हणाली. "येवन येवन अरेरे म्हणाले, आणि कामार गेले."

गवत धरलेले जयवंताचे हात तसेच वर राहिले.

तुम्ही विचाराल, मग शेवटी खाल्ले का तिने? विचारलेत हे चांगले केलेत. त्या देवळावरून इतकी वर्षे जाता-येता तुम्ही हे कधी विचारले नव्हतेत. आताही गाईची ही दशा वाचून तुम्हाला वाईट वाटले असेलच. मनात चर्र झाले असेल, एखाद्या वेळी डोळेसुद्धा ओलावले असतील. झाले तर मग. भाव पोचला. मागे रांग आहे, जरा पुढे सरका.